आवाज स्वच्छ झाला, पण माग हरवला : नवी पेठेतील एका डिजिटल स्टुडिओचा अनुभव

सोलापूरच्या साखर पेठेतील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर, पत्र्याखालच्या ट्रंकेत अकरा ऑडिओ कॅसेटी आणि एक व्हीएचएस कॅसेट तीसहून अधिक वर्षे पडून होत्या. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, वडिलांची पेटीवरची भजने, आकाशवाणीच्या सोलापूर केंद्रावरून टू-इन-वनवर उतरवून घेतलेले काही कार्यक्रम आणि बहिणीचे लग्न असा तो ऐवज होता. अशा फिती डिजिटल करून, संगणकाकडून ‘स्वच्छ’ करून देणारा एक छोटा स्टुडिओ नवी पेठेत दुसऱ्या मजल्यावर चालतो. त्याच्याकडे पहिल्या खेपेस आठ ऑडिओ कॅसेटी आणि लग्नाची फीत दिली. पुढे काही तक्रारी येणार असल्याने त्याचे नाव लिहीत नाही.

सर्वांत चांगले काम झाले ते हाताचे. एका कॅसेटमधील फेल्टची दाबपट्टी गळून पडली होती, तर दुसरीवर पांढरी बुरशी धरली होती. स्टुडिओ चालवणाऱ्या तरुणाने दोन्ही फिती नव्या खोक्यांत बसवल्या, डेकचे हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, स्पिरिटने पुसले आणि प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा कोन बारीक स्क्रूने नव्याने जुळवला. हा कोन किंचित चुकला तरी आवाजातील धार जाते आणि नंतर कोणतेही सॉफ्टवेअर ती पूर्ण परत आणू शकत नाही. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या ठरलेल्या वेगानेच वाजवावी लागते, त्यामुळे नव्वद मिनिटांच्या फितीला नव्वद मिनिटे द्यावीच लागतात. त्याने ती दिली आणि मूळ आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या, आवाज न आवळता जसाच्या तसा ठेवणाऱ्या वेव्ह फाइलमध्ये साठवला. एमपीथ्रीवर भागवणाऱ्या दुकानांच्या तुलनेत ही मोठीच गोष्ट आहे.

खरा प्रश्न पुढच्या पायरीवर उभा राहिला. ध्वनिमुद्रणातील निरनिराळे आवाज एकमेकांपासून सोडवण्याचे तंत्र गेल्या काही वर्षांत सर्वांच्या आवाक्यात आले आहे. इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या डीझर कंपनीने २०१९ मध्ये असे एक साधन सर्वांना मोफत खुले केले, आणि २०२३ मध्ये बीटल्सचे जे शेवटचे गाणे प्रसिद्ध झाले, त्यासाठी जॉन लेनन यांचा आवाज याच जातीच्या तंत्राने एका जुन्या घरगुती कॅसेटमधून सोडवून घेतला होता. आमच्या आजीच्या ओव्यांवरही तोच प्रयोग झाला. आवाज इतका स्वच्छ आला की ऐकताना प्रथम अंगावर काटा आला. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र आजी एखाद्या रिकाम्या, बंद खोलीत बसून गात असावी असे वाटू लागले, कारण जात्याची घरघर गेली होती आणि भिंतीपलीकडच्या कारखान्यातील मागाची खटखटही पुसली गेली होती. जे एकसारखे चालू राहते ते नको असलेले, असा या यंत्रणेचा ढोबळ समज असतो. आमच्या पेठेत त्या काळी एकसारखा चालू राहत असे तो मागच. मागात आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या त्या ठेक्यावरच आजीची ओवी बेतलेली होती, हे तो ठेका गेल्यावर प्रथम लक्षात आले.

तक्रार केल्यावर तो तरुण म्हणाला, “काका, मशीनला माग म्हणजे गोंगाटच वाटतोय बघा.” त्याने वाद घातला नाही. मूळ फाइल जपून ठेवलेली असल्याने फितीची सरसर तेवढी कमी करून जाते आणि माग परत आणले, आणि दोन्ही प्रती दिल्या. पत्र्याखालच्या उन्हाने गुंडाळलेल्या फितीच्या एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटून शब्दाआधी त्याची पुसट सावली ऐकू येते, ती मात्र तशीच राहिली.

लग्नाच्या फितीबाबत समाधान नाही. व्हीएचएसच्या चित्रात मुळात ५७६ दृश्य रेषा, त्याही सेकंदाला पन्नास अर्ध्या चित्रांत विभागलेल्या. तिचे ‘फोर-के’, म्हणजे कितीतरी अधिक बारकाव्यांचे चित्र, करताना यंत्राने जे नव्हते ते कल्पनेने भरले. मागच्या रांगेतील मावशीला कोणा परकीचेच डोळे मिळाले, आणि मांडवात अंथरलेल्या चादरीवर सोलापुरातील कोणत्याही जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, कधी विणली गेली नसेल अशी नक्षी उमटली. ज्या घरात तीन पिढ्या चादरी विणल्या त्यांना ती दाखवण्याची सोय राहिली नाही. साधी, न वाढवलेली प्रतच मागून घ्यावी, असा माझा सल्ला आहे.

एका ओवीचा शेवट फीत तुटल्यामुळे गेलेला आहे. तेवढे शब्द आजीच्याच आवाजात ‘तयार करून’ देण्याची तयारी स्टुडिओने दाखवली, ती मी नाकारली. गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा नकलांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्यांना संरक्षण दिले, पण माझ्या आजीच्या वतीने न्यायालयात कोण जाणार? ती जागा कोरीच बरी. आवाजावरून आपोआप मजकूर लिहून देण्याची सेवा तर घेऊच नये. मध्येच तेलुगूत बोलणारी शेजारीण आणि सोलापुरी बोलीत “काय करायलाव बे?” विचारणारा माझा भाऊ यांपुढे यंत्राने हात टेकले आणि भलताच मजकूर लिहून दिला.

दर ऑडिओ कॅसेटला ३०० रुपये आणि व्हीएचएसला ७०० रुपये असे एकूण ३१०० रुपये झाले. कामाच्या मानाने ते रास्त आहेत. पंधरा दिवसांचा वायदा पाच आठवड्यांवर गेला. उरलेल्या तीन कॅसेटी याच तरुणाकडे दिल्या असून पावतीवर त्याने स्वतःहून ‘जाते, माग ठेवणे’ असे लिहिले आहे. मागच्या खेपेस फाइलींना नावे देताना त्याने पहिली आणि दुसरी बाजू यांची सरमिसळ केली होती, म्हणून या वेळी प्रत्येक कॅसेटवर मार्करने मोठे आकडे मीच घातले आहेत.