14 महिन्यांनंतर: पीसीचं कॅबिनेट देखणं, बटण भिकार

काच, रंगीत दिव्यांचे (आरजीबी) पंखे, केबली लपवायला जागा... हे तुम्हाला ठाऊकच आहे आणि ते उत्तमच आहे. मी बोलणार फक्त पॉवर बटणाबद्दल.

वर्षभर तक्रार नव्हती. पाऊस लागला आणि पीसी लहरी झाला. सकाळी बटण दाबावं तर ढिम्म. चहा घेऊन यावं तर सुरू. कधी सुरू होऊन चार-पाच सेकंदांत आपोआप बंद. आदल्या गुरुवारी वीज दोनदा गेली होती, म्हणून आधी खापर तिच्यावर.

जोडून देणाऱ्या दुकानात फोन केला. "काका, मदरबोर्ड गेलाय, घेऊन या." न बघता! फोनवर नाडी बघणारे वैद्य. घरी येऊन बघायचे 500 वेगळे. म्हटलं, राहू दे.

मदरबोर्डवरचा बारका दिवा लागत होता, म्हणजे एसएमपीएसची (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याची) 5 व्होल्टची स्टँडबाय लाइन, जी पीसी बंद असतानाही चालू असते, ती जिवंत. रॅम काढून खोडरबराने पुसली, मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल बदलला. फरक शून्य. मग एसएमपीएसच्या 24 पिनी कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर यू-पिनेने जोडली, म्हणजे तो बोर्डाशिवाय सुरू व्हावा. एसएमपीएसचा पंखा फिरला. पण पंखा फिरला म्हणजे लोड पेलेलच असं नाही, म्हणून भाच्याचा एसएमपीएस आणून लावला. आठ दिवस मशीन शहाण्यासारखं! एसएमपीएसला झोडपणारा रिव्ह्यू मी लिहूनही ठेवला होता. नवव्या दिवशी पुन्हा ढिम्म, रिव्ह्यू डिलीट. (त्या आठ दिवसांत पाऊस उघडला होता, हे नंतर सुचलं.)

शेवटी मदरबोर्डवरून पॉवर स्विचची वायर उपसून तिच्या जागच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवला. चट्कन सुरू! दहादा केलं, दहाही वेळा सुरू. चोर बटणाखालचा स्विच. कधी टेकतच नाही, कधी दाबलेलाच अडकतो. मग बोर्डाला वाटतं कुणी बटण धरून ठेवलंय, आणि चार सेकंद धरलं की तो मशीन बंद करतो.

असला स्विच पुण्याच्या तापकीर गल्लीत किरकोळीत मिळेल, पण तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. त्यामुळे शेजारच्या लहान रीसेट बटणाची वायर काढून पॉवरच्या पिनांवर खोचली. उलटसुलट कशीही चालते. खर्च फक्त सेलचा. आता लहान बटणावर पीसी सुरू होतो, मोठं शोभेला.

परवा दुकानातून फोन: "काका, बोर्ड मागवून ठेवलाय, कधी येताय?"

मी म्हटलं, त्याच्याऐवजी एक बटण मागवा.