भांडुपच्या भाऊंकडचं आगळ घ्या, सरबत नको

मी डबे करते. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी माशाचा डबा असतो आणि त्यासोबत सोलकढी लागते म्हणजे लागतेच. एखाद्या दिवशी नसली तर माणसं फोन करून विचारतात. माझं माहेर साताऱ्याकडचं, आमच्या आमटीत चिंच पडायची. कोकमाचं सगळं शिक्षण सासूबाईंच्या हाताखाली झालं, आणि त्या सोप्या मास्तरीण नव्हत्या.

मी कोकम घेते ते दुकान भांडुप पश्चिमेला, स्टेशनातून मंडईकडे जाताना एका गल्लीत आहे. पाटीवर नुसतं 'कोकण मेवा' लिहिलंय, आणि असल्या पाट्या भांडुपात पैशाला पासरी. दारात हिराच्या केरसुण्या टांगलेल्या दिसल्या की तेच. मालक कुडाळकडचे, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. आमसूल, आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, हे सगळं त्यांच्या वाडीतल्या आणि शेजारच्या घरांतून येतं. व्यापाऱ्याच्या गोदामातून नाही.

आधी आगळ. रंग काळपट लाल, बाटली हलवली की काचेला चिकटून हळू उतरतो. एका मोठ्या नारळाच्या दुधाला मी तीन चमचे घालते. बाजारातल्या पातळ आगळाला पाच-सहा लागायचे. मीठ मात्र २०२५ च्या आगळात जास्त आहे, तेव्हा सोलकढीत वरून मीठ घालण्याआधी चव बघा. रंगाची शंका असेल तर थोडं आगळ पाण्यात पातळ करून त्यात खायचा सोडा टाका. खऱ्या कोकमाचा लाल रंग जाऊन निळसर-करडा होतो. कृत्रिम रंग घातलेला असला तर पाणी लालच राहतं. भाऊंच्या आगळाने हे मी त्यांच्या काउंटरवरच करून बघितलं. ते हसले, पण सोडा त्यांनीच दिला.

आता आमसूल. २०२४ मध्ये अर्धा किलो २०० रुपयांना मिळालं होतं, २०२५ मध्ये २६० ला, आणि तो मालही तितका देखणा नाही. सोलं, म्हणजे वाळवलेल्या साली, पातळ आहेत, काहींवर डाग आहेत, हाताला ओलसर लागतात. मी कुरकुर केली तर भाऊ म्हणाले, "सोलां वतात घालूची आणि आभाळ बघून परत घरात हाडूची, ह्याच चल्ला. शेवटाक सगळा आगळात घातला." म्हणजे सोलं उन्हात घालायची आणि आभाळ बघून परत घरात आणायची, हेच चाललं, शेवटी सगळं आगळात घातलं.

२०२५ चा मे महिना आठवा. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो, त्या वर्षी २६ मे रोजीच मान्सून दाखल झाला, आणि कोकणात त्याच्याही आधीपासून कोसळत होता. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात नेमके तेव्हाच. ताजं फळ फोडून साल काढायची, मीठ लावून, रसात बुडवून उन्हात वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची, असं कितीदा तरी केलं की मगच आमसुलाला तो रंग आणि टिकाऊपणा येतो. सलग कडक उन्हाचे दिवस मिळाले नाहीत तर सालीला बुरशी धरते. आगळाला ऊन लागत नाही, मीठ लागतं. म्हणून त्या हंगामात दुकानात आगळाच्या बाटल्यांची रांग आणि आमसुलाचा एकच डबा. खारटपणाचं कारणही बहुतेक हेच, ओल्या हवेत टिकावं म्हणून हात सैल सोडलेला.

हे एका वर्षाचं असतं तर मी लिहिलंही नसतं. पण भाऊ सांगतात ते असं, की पावसाळा दिवाळीपर्यंत रेंगाळला की थंडी उशिरा पडते, झाडाला फुलोरा उशिरा येतो आणि फळही मागे सरकतं. तिकडून पुढचा पाऊस लवकर आला की मधले उन्हाचे दिवस आटतात. पावसात फळ झाडाखाली गळून कुजतं, वेचायलाही कोणी जात नाही. हापूसला निदान बाग असते, फवारणी असते, पंचनामा करायला माणूस येतो. रातांब्याचं झाड बांधावर, ओहोळाच्या कडेला किंवा परसात आपलं आपण उभं. उंच वाढतं, फळं एकदम पिकत नाहीत, चढणारा गडी मिळाला तर पाडायचं आणि बायकांनी वेचायचं. बीपासून उगवलेली निम्मी झाडं नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' ही जात काढली आहे, तिची कलमं लावली तर हा जुगार टळतो. भाऊंच्या भावाने थोडी लावली आहेत म्हणे. पण कलम लावून पाऊस काही थांबत नाही. उन्हाऐवजी वाळवणी यंत्र आणलं तर? मी विचारलं. ते चालवायला वीज लागते आणि मेमधल्या वादळी पावसात वाडीतली वीज आधी जाते, असं उत्तर मिळालं.

तेव्हा २६० रुपये मी घासाघीस न करता दिले. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा शिक्का या पिशवीवर नाही. मला सोड्याची परीक्षा पुरते. बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या कालवणात हे डागाळलेलं आमसूलही चोख उतरलं, आंबटपणा कुठे कमी पडला नाही. फक्त घरी आणल्यावर एक दिवस पंख्याखाली पसरा आणि काचेच्या बरणीत भरा. प्लास्टिकच्या पिशवीत तसंच ठेवलं तर महिनाभरात वास धरेल.

कोकम सरबत घेऊ नका. साखरेचा पाक आहे नुसता, कोकम नावापुरतं. भाऊंना तोंडावर सांगितलं, तर म्हणाले मुलांना तेच आवडतं. असेल.

तक्रारी दोन. बाटल्यांची झाकणं गळतात. रिक्षात माझी पिशवी लालेलाल झाली, उभी धरून न्या. आणि बाटलीवर कधी भरलंय ती तारीख नसते, विचारावी लागते. दुपारी दुकान बंद असतं, संध्याकाळी पाचनंतर जा.

आणि मुठेल. टाचांच्या भेगांना याच्यासारखं दुसरं काही नाही. रात्री किंचित गरम करून लावायचं आणि मोजे घालून झोपायचं. ते दोन-तीन घरांतूनच येतं आणि लगेच संपतं, तेव्हा काउंटरवरच्या वहीत नाव आणि फोन नंबर लिहून ठेवा. भाऊ फोन करतात, मला केलाय.