पेरून वाचायचं की वेचत सुटायचं?

संगणकाने वेबवरचा मजकूर वाचून आपणहून तथ्यं गोळा करावीत असं वाटत असेल, तर जुन्याजाणत्या वाटा दोन. एक ‘नेल’ (NELL) या प्रकल्पाची. कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने ती जानेवारी २०१०मध्ये सुरू केली. यात नदी, शहर, कंपनी असे रकाने आधी ठरवायचे आणि प्रत्येकात दहा-पंधरा उदाहरणं पेरायची. त्यांवरून यंत्र वाक्यांचे साचे शिकतं आणि साच्यांवरून नवी उदाहरणं. दुसरी वाट ‘टेक्स्टरनर’ या प्रणालीची, वॉशिंग्टन विद्यापीठातली, २००७ची. तिथे आधी काहीच ठरवायचं नाही, दिसेल त्या वाक्यातून दोन नावं आणि त्यांना जोडणारे शब्द वेचायचे.

दोन्ही मी वापरून पाहिल्या, अर्थात घरगुती प्रमाणावर.

वेचण्याचा पहिला दिवस भलताच मजेचा जातो. टेक्स्टरनरने ९० लाख पानं एका दमात पालथी घातली होती. माझ्याकडेही संध्याकाळपर्यंत मोठा ढीग जमला. मग साधा प्रश्न विचारला: आइनस्टाइन जन्मले कुठे? ढिगात ‘उल्ममध्ये जन्मले’, ‘मूळचे उल्मचे’, ‘जन्मगाव उल्म’ आणि ‘म्युनिकमध्ये लहानाचे मोठे झाले’ असं सगळं वेगवेगळं पडलेलं. पहिली तिन्ही एकच गोष्ट सांगतात, हे यंत्राच्या गावीही नाही. जुळवाजुळव करताना हात थोडा सैल सोडला, तर आइनस्टाइन थेट म्युनिकमध्ये जन्मले! दोन रविवार नुसती क्रियापदं जुळवण्यात गेले आणि तिसऱ्या रविवारी माझा उत्साह संपला.

पेरणीतही भानगडी आहेतच. नेलने इंटरनेटच्या ‘कुकीज’ (संकेतस्थळं आपल्या संगणकात ठेवतात त्या छोट्या फाइली) खाण्याच्या बिस्किटांत घातल्या आणि मग संगणकातल्या फाइलीही बेकरीच्या मालात जमा झाल्या. माझ्या नद्यांत मी नाईल आणि डॅन्यूबशेजारी ॲमेझॉन पेरली होती. यंत्राने ‘-वरून मागवलं’ हा साचा उचलला आणि दुसऱ्या फेरीत नद्यांच्या यादीत ऑनलाइन दुकानं वाहू लागली. पण चूक कुठून शिरली ते पाच मिनिटांत सापडलं. तो साचा खोडला, ‘कंपनी ती नदी नव्हे’ असा नियम घातला, की यादी स्वच्छ. नेलचीही सगळी मदार असल्याच एकमेकांना धरून ठेवणाऱ्या नियमांवर होती. तरी ६७ दिवसांत जमवलेल्या २,४२,००० हून अधिक तथ्यांची अचूकता अंदाजे ७४ टक्केच भरली, तेव्हा डोळे मिटून विश्वास टाकू नये.

आजची चॅटजीपीटीसारखी मोठी भाषा-मॉडेलं हे सगळं तोंडपाठ सांगतात, खरंय. पण त्यांच्यातली एखादी चूक कोणत्या वाक्यातून आली, हे मला अजून एकदाही शोधता आलेलं नाही.

काय शोधायचंय हेच ठाऊक नसेल, तर वेचणं बरं. कुणाचा अनुभव माझ्याहून चांगलाही असेल. मी नवा विषय हाती आला की दिवसभर वेचून घेतो, म्हणजे कोणते रकाने लागतील ते कळतं. मग तो ढीग बाजूला सारून पेरायला बसतो.