राजनयाचे स्कूल की आंतरराष्ट्रीय संबंधांचा विभाग?

आंतरराष्ट्रीय व्यवहारांचे पदव्युत्तर शिक्षण घेऊ पाहणाऱ्याला बहुधा दोन प्रकारच्या ठिकाणांहून निवड करावी लागते: एक म्हणजे विद्यापीठाच्या सामाजिक शास्त्रांच्या विद्याशाखेतील आंतरराष्ट्रीय संबंधांचा विभाग, आणि दुसरे म्हणजे परराष्ट्र सेवेसाठी व आंतरराष्ट्रीय संघटनांसाठी विद्यार्थी तयार करणारे स्वतंत्र स्कूल. मी आधी विभागात प्रवेश घेतला, तेथे एक सत्र काढले आणि पुढच्या वर्षी स्कूलमध्ये गेलो. त्यामुळे पुढील मजकुरात थोडा कल दिसेल, तो वाचकांनी गृहीत धरावा. विषयांच्या याद्या माहितीपुस्तिकेत असतातच, त्या येथे उतरवून काढत नाही.

गंमत अशी की या दोन्ही वाटा एकाच वर्षी फुटल्या. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ साली वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले अध्यासन स्थापन झाले, आणि त्याच वर्षी वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन विद्यापीठाने स्कूल ऑफ फॉरेन सर्व्हिस सुरू केले. युद्धे का होतात, हा पहिल्याचा प्रश्न होता. परदेशातील कामासाठी तयारीची माणसे कोठून आणायची, हा दुसऱ्याचा. अमेरिकेची राजनयिक आणि वाणिज्यदूतीय सेवा एकत्र करणारा रॉजर्स कायदा १९२४ साली झाला, म्हणजे शाळा आधी निघाली आणि आजच्या स्वरूपातील नोकरी नंतर आली. शंभर वर्षे उलटली तरी दोन्हीकडच्या वर्गांत बसल्यावर हा मूळचा फरक जाणवतो.

विभागातील अध्यापनाबद्दल माझी तक्रार नाही. किंबहुना निव्वळ विचार करायला मी तेथेच शिकलो. प्राचीन ग्रीसमधील युद्धात बलाढ्य अथेन्सने छोट्या मेलोस बेटापुढे शरणागतीची अट ठेवली, त्या एका प्रसंगावर आमची तीन आठवडे चर्चा चालली होती, आणि तिसऱ्या आठवड्यात आपण पहिल्या आठवड्यात केलेले विधान स्वतःच खोडून काढण्याची वेळ माझ्यावर आली. स्कूलमध्ये अशी चैन नसते. तेथे एका पानाचे टिपण मागतात, मंत्र्याला ते गाडीत बसल्याबसल्या वाचता आले पाहिजे असे बजावतात, आणि दुसऱ्या पानावर गेलेला मजकूर न वाचता परत करतात. शिवाय निवृत्त राजदूत शिकवायला येतात. त्यांतील काही उत्तम शिकवतात, तर काहींचा तास म्हणजे आठवणींची मैफल असते आणि परीक्षेत त्यातले काय लिहावे, असा प्रश्न पडतो.

मला विभाग सोडावा लागला तो मात्र भाषेच्या तासामुळे. कारण ऐकायला क्षुल्लक वाटेल, याची कल्पना आहे. मला फ्रेंच शिकायची होती. भाषेचे वर्ग विद्यापीठाचे भाषा केंद्र चालवी आणि त्याचा विभागाशी काही संबंध नसे. मंगळवारी आणि गुरुवारी फ्रेंचचा वर्ग असे, नेमक्या त्याच वेळी सक्तीचे चर्चासत्र असे. कार्यालयात तीनदा जाऊन आलो. भाषेचे क्रेडिट पदवीत धरले जात नाही, तेव्हा ती आपली खासगी आवड समजावी, असे मला अत्यंत सौजन्याने सांगण्यात आले. त्या संपूर्ण सत्रात मी फ्रेंचच्या चार तासांना बसू शकलो. उरलेले तास मी वर्गाबाहेर सहाध्यायांच्या वह्या उतरवून भरून काढले, आणि उच्चार वहीतून उतरवता येत नाहीत हे तेव्हा कळले.

याचे मोल किती, हे सुरक्षा परिषदेच्या ठरावावरून समजले. त्या वर्षीच्या अरब-इस्रायल युद्धानंतरचा, २२ नोव्हेंबर १९६७ चा ठराव क्रमांक २४२ मी दोन्हीकडे शिकलो. विभागात त्यामागचे महासत्तांचे राजकारण दोन तास समजावून सांगितले गेले, आणि ते उत्तम सांगितले गेले. परंतु संपूर्ण चर्चा इंग्रजी पाठावर झाली. स्कूलमध्ये इंग्रजी आणि फ्रेंच पाठ शेजारी शेजारी छापलेला एकच कागद प्रत्येकाच्या हाती दिला. इस्रायली सैन्याने व्याप्त प्रदेशांतून माघार घ्यावी, या वाक्यात इंग्रजी पाठात ‘प्रदेशां’आधी निश्चित उपपद (‘the’) नाही, म्हणून ‘काही प्रदेश’ असाही अर्थ लावता येतो. फ्रेंच पाठातील ‘दे तेरितुआर’ मात्र ‘त्या प्रदेशांतून’ असे वाचले जाते. एवढ्याशा शब्दावर कित्येक वर्षे वाद चालला आहे. मराठीला उपपदच नसल्यामुळे हा मुद्दा घरी समजावून सांगताना माझी बरीच दमछाक झाली, ते असो.

स्कूलमध्ये भाषा वेळापत्रकात होती, तिचे क्रेडिट मिळत होते आणि तोंडी परीक्षेत उत्तीर्ण झाल्याशिवाय पदवी नव्हती. त्यात नवे काही नाही, असे इतिहास पाहिल्यावर वाटते. ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया थेरेसा हिने १७५४ साली व्हिएन्नात ओरिएंटल अकादमी काढली, ती ऑटोमन दरबाराशी व्यवहार करू शकणारी, पूर्वेकडील भाषा जाणणारी तरुण मुले तयार करण्यासाठी. आजची व्हिएन्नाची राजनयिक अकादमी आपली परंपरा तेथूनच मोजते.

अर्थात ज्यांना पुढे डॉक्टरेट करून अध्यापनात जायचे आहे, त्यांना मी विभागच सुचवीन, कारण स्कूलमधील टिपणांच्या सवयीने दीर्घ प्रबंध लिहिण्याचा दम तुटतो, असा माझा तरी अनुभव आहे. परराष्ट्र सेवेत थेट प्रवेश दोन्ही पदव्या मिळवून देत नाहीत. बहुतेक देशांत त्यासाठी वेगळी निवड परीक्षा असते. तरीही मन द्विधा असेल, तर प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी दोन्ही ठिकाणांहून चालू सत्राचे छापील वेळापत्रक मागवून घ्यावे आणि भाषेचा वर्ग कोणत्या सक्तीच्या तासावर आदळतो आहे का, एवढे पाहावे. विभागातील माझे एक सहाध्यायी आता उत्तर आफ्रिकेतील निर्वसाहतीकरणावर संशोधन करीत आहेत आणि आपल्या निवडीबद्दल ते पूर्ण समाधानी आहेत. अभिलेखागारातील फ्रेंच कागदपत्रांची छायाचित्रे मात्र ते अजूनही मला पाठवतात आणि सवडीने अर्थ कळवा, असे लिहितात.