मुलं सोबत, समुद्र खवळलेला: लिव्हअबोर्ड बोट की हाउस रीफचं बेट?

मालदीवला मुलांना घेऊन डायव्हिंगला जायचं ठरलं की शेवटी दोनच पर्याय समोर उरतात. सात रात्री लिव्हअबोर्ड, म्हणजे मुक्कामाच्या, बोटीवर काढायच्या, किंवा चांगली हाउस रीफ, म्हणजे किनाऱ्यालगतची प्रवाळाची रांग, असलेल्या एखाद्या बेटावर आठवडाभर राहायचं. हवा छान असली तर दोन्हीकडे सुखच आहे, त्यावर लिहिण्यासारखं फारसं नाही. आम्ही मात्र दोन्ही पर्याय बिघडलेल्या हवेत अनुभवले. एका वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात बोट, पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला बेट. मुलगी पहिल्या खेपेला दहा वर्षांची होती, दुसऱ्या खेपेला अकरा. ज्युनियर ओपन वॉटर हा मुलांसाठीचा डायव्हिंग कोर्स तिने केलेला होता, त्यामुळे दोन्ही वेळा तिला १२ मीटर खोलीची मर्यादा आणि सोबत पालक किंवा इन्स्ट्रक्टर हवाच. धाकटा तिच्याहून दोन वर्षांनी लहान.

हे महिने निवडताना आम्हाला धोका माहीत होता. मे ते ऑक्टोबर तिथे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ, आणि सुट्टी जुळली ती त्यातच. मालदीव विषुववृत्ताला इतकं लागून आहे की चक्रीवादळ थेट अंगावर येण्याची भीती कमी. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्यांना जो पीळ बसतो, तो तिथे अगदीच क्षीण असतो. पण दूर अरबी समुद्रात एखादी वादळी प्रणाली तयार झाली की तिच्याकडे खेचला जाणारा वारा मालदीववरून जातो आणि सलग तीन-चार दिवस पाऊस, वारा, उंच लाटा असा मुक्काम ठोकतो. आमच्या दोन्ही सहलींत हेच झालं.

आधी बोटीची बाजू, कारण कागदावर तीच वरचढ दिसते. बेट जागचं हलत नाही, बोट हलते. पश्चिमेकडून वारा आला तर कप्तान अटॉलच्या, म्हणजे प्रवाळाच्या कड्याच्या, आत शिरतो किंवा पूर्वेच्या कडेला जातो. तिसऱ्या दिवशी पहाटे आमच्या कप्तानाने नेमकं तेच केलं, आणि नाश्ता संपेपर्यंत आम्ही बऱ्यापैकी शांत पाण्यात होतो. शिवाय नैर्ऋत्य वाऱ्यांच्या काळात प्लवक पूर्वेच्या बाजूला साचतं आणि मांटा रे, म्हणजे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे मासे, तिकडेच येतात. म्हणजे आडोसा शोधत गेलेली बोट मांटांपर्यंतही पोहोचू शकते. आम्हाला एका डाइव्हला पाच मांटा दिसल्या, आणि तो तासभर मी अजून विसरलेलो नाही. घरात सगळे मोठे आणि अनुभवी असते, तर हा लेख मी बहुधा इथेच बोटीच्या बाजूने संपवला असता.

आता जी गोष्ट मला खुपली ती. यात दोष कुणाचाच नव्हता, हे आधी सांगतो.

हवा बिघडली की बोटीचा आराखडा बदलतो. अटॉलची बाहेरची कडा आणि कांडू, म्हणजे अटॉलच्या कडेतले प्रवाहाचे दरवाजे, सगळ्यात आधी बंद होतात. मग उरतात आतल्या जागा. त्यात गिरी असते, पाण्याखालची प्रवाळाची टेकडी, जिचा माथा पृष्ठभागाच्या अगदी जवळ येतो, आणि थिला असते, तशीच टेकडी, पण जिचा माथा पाण्याखाली बराच खोल असतो. मुलांसाठी गिरी उत्तम. पण त्या बोटीवर आमच्याशिवाय दहा जण होते, सगळे अनुभवी, आणि त्यांचे दोन चांगले डाइव्ह आधीच बुडालेले. साहजिकच बदली म्हणून थिला निवडली जायची. एकीचा माथा १४ मीटरवर होता. दुसरीचा ११ वर, पण वर प्रवाह इतका की भर समुद्रात झपाट्याने खाली जाण्याशिवाय तिथे पोहोचता येत नव्हतं. दहा वर्षांच्या मुलीसाठी दोन्ही जागा बाद.

त्यात मालदीवमध्ये डाइव्ह सहसा मोठ्या बोटीवरून होत नाहीत. हवेच्या टाक्या आणि त्या भरणारा कॉम्प्रेसर वेगळ्या धोनीवर, म्हणजे स्थानिक लहान बोटीवर, असतात. लाटा असल्या की मोठ्या बोटीवरून धोनीवर पाय टाकणं मोठ्यांनाही जपूनच करावं लागतं, आणि डाइव्ह संपल्यावर वरखाली आपटणाऱ्या शिडीवर पाठीवर टाकी घेऊन चढणं तर त्याहून अवघड. आमच्या गाइडने सांगितलं, "आज मुलीला नको." मी मान डोलावली, कारण त्याच्या जागी मीही तेच म्हणालो असतो.

असं चार दिवस झालं. रोज सकाळी ती वेटसूट कमरेपर्यंत चढवून ब्रीफिंगला येऊन बसायची. फळ्यावर आधी लिहिलेलं नाव पुसून नवं नाव लिहिलं जायचं, आणि जागा किती मीटर खोल आहे तो आकडा ती वाचायची. आकडा वाचला की काही न बोलता वेटसूट उतरवायला जायची. बदललेल्या प्रत्येक आराखड्यात सगळ्यात आधी तिचा डाइव्ह कापला गेला. प्रत्येक निर्णय एकेकटा पाहिला तर बरोबर होता, आणि आठवड्याची बेरीज मात्र अशी झाली की माझे ११ डाइव्ह, बायकोचे ९, मुलीचे २. तेही पहिल्या दोन दिवसांतले. आम्ही दोघांनी आळीपाळीने एकेक डाइव्ह सोडून तिच्याजवळ बसायचं ठरवलं होतं, पण तिला सोबतीची गरज नव्हती. तिला पाण्यात जायचं होतं.

बोट लागण्याचा त्रास त्यापुढे किरकोळ. धाकट्याला दोन रात्री उलट्या झाल्या, डॉक्टरांकडून आणलेलं औषध आम्ही उशिरा दिलं. ते त्रास सुरू होण्याआधीच द्यायचं असतं. पण एक फरक लक्षात राहिला. बोटीवर बोट लागली की उतरायला जमीन नसते.

पुढच्या वर्षीचं बेट लहान होतं, सावकाश चालत पंधरा मिनिटांत फेरी पूर्ण व्हायची. पहिल्याच संध्याकाळी पश्चिमेच्या रीफवर पांढरा फेस उसळत होता आणि दिवसाच्या बोटी रद्द झाल्याचा निरोप आला. मला मागचं वर्ष आठवलं आणि पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी डाइव्ह सेंटरमध्ये गेलो, तर तिथली इन्स्ट्रक्टर म्हणाली, "आज जेट्टीच्या बाजूने." आम्ही टाक्या ढकलगाडीवर ठेवल्या, बेटाच्या पूर्वेला गेलो आणि जेट्टीच्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरलो. वारा डोक्यावरून तसाच वाहत होता, कारण ही बेटं इतकी सखल की वाऱ्याला आडवं येण्याजोगं तिथे काही नसतं. लाट मात्र पश्चिमेच्या रीफवर फुटून संपली होती.

त्या आठवड्यात सातापैकी चार दिवस पाऊस होता. मुलीचे आठ डाइव्ह झाले, माझे नऊ. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास सर थांबली, तेव्हा आम्ही खोलीत पत्ते खेळत बसलो होतो. वीस मिनिटांत पाण्यात होतो. नऊ मीटरवर असताना पुन्हा पाऊस आला, तेव्हा तिने माझा हात ओढून वर दाखवलं. खालून पाहिलं तर पृष्ठभागावर असंख्य बारीक खिळे ठोकले जात असल्यासारखं दिसत होतं. धाकटा त्याच वेळी लगूनमध्ये, म्हणजे रीफच्या आतल्या शांत पाण्यात, इन्स्ट्रक्टरबरोबर दोन मीटरच्या आत बबलमेकर, म्हणजे लहान मुलांचा पहिला डायव्हिंग अनुभव, करत होता. पोहणारी चार माणसं, चार वेगवेगळ्या मर्यादा, आणि कुणाच्या मर्यादेमुळे कुणाचं काही कापलं गेलं नाही.

बायकोला ही तुलना पूर्ण पटत नाही, आणि तिचे मुद्दे खरे आहेत. तीच रीफ चार वेळा पाहून ती कंटाळली. पाणी गढूळ होतं, मोठं काही दिसलं नाही. १९९८ आणि २०१६ च्या ब्लीचिंगमध्ये, म्हणजे पाणी तापून प्रवाळ पांढरं पडण्यात, मालदीवचं उथळ प्रवाळ फार मोठ्या प्रमाणात मेलं, त्यामुळे बऱ्याच हाउस रीफवर जुन्या फोटोंतले रंग शोधायला जाऊ नये. मुलीला मात्र तीच रीफ चौथ्यांदा पाहण्यात गोडी वाटली. एका भोकातली मोरे ईल आज घरी आहे का, हे बघायला ती थेट तिकडे जायची.

दुसरी अडचण उसळीची, म्हणजे लांबून आलेल्या लाटांची, आणि ती बेटाच्या विरुद्ध जाते. जवळच्या वाऱ्याने उठलेली लाट पाच सेकंदांची असेल, म्हणजे दोन लाटांमध्ये पाच सेकंद असतील, तर तिची लांबी खोल पाण्यात ४० मीटरच्या आसपास असते, आणि तिची हालचाल लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत म्हणजे २० मीटरपर्यंत पोहोचते. पण दक्षिणेच्या दूरच्या समुद्रातून आलेली १४ सेकंदांची लाट ३०० मीटर लांब असते. ती वर दिसायला अगदी सौम्य, आभाळही स्वच्छ, आणि खाली उथळ रीफवर मात्र माणसाला पुढेमागे फेकत राहते. उथळ पाण्यातच तिचा जोर जास्त जाणवतो, आणि मुलं उथळ पाण्यातच असतात. अशी लाट बेटाला वळसा घालून आडोशाच्या बाजूलाही थोडी येते. आम्ही त्यामुळे एक डाइव्ह दहा मिनिटांत सोडला. तेव्हापासून मी हवामानाच्या ॲपवर लाटेच्या उंचीआधी तिचे सेकंद बघतो.

तिसरी गोष्ट सी-प्लेन. दूरच्या बेटांवर ते फक्त उजेडात उडतं, हवा वाईट असेल तर थांबतं, आणि परतीला तेही विमानच धरायचं. सलग काही दिवस डायव्हिंग झालं असेल तर शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तास उडायचं नाही, ही मर्यादा बोटीलाही लागू आहे. त्यामुळे वाया गेलेले डाइव्ह शेवटच्या दिवशी भरून काढता येत नाहीत. विमा काय तो निघण्याच्या खूप आधी घ्या. वादळाला नाव पडल्यावर घेतलेल्या विम्यातून त्या वादळाची भरपाई सहसा मिळत नाही.

तर घरातलं सगळ्यात लहान डायव्हर पंधरा-सोळा वर्षांचं असेल, कुणाला बोट लागत नसेल आणि जानेवारी ते एप्रिल सुट्टी मिळत असेल, तर बोटच घ्या. बोट जे समुद्र दाखवते ते बेटावर दिसणार नाहीत. बाकीच्यांना मी आग्रह करणार नाही, पण आमची पुढची सहल बेटावरचीच ठरली आहे.

बेट निवडताना मात्र "हाउस रीफ आहे" एवढ्या ओळीवर जाऊ नका. काही बेटांची रीफ पोहत जायला खूप लांब असते, काहींचं प्रवेशाचं तोंड नेमकं वाऱ्याच्या बाजूला असतं. मी यंदा चार डाइव्ह सेंटरना एकच प्रश्न लिहून पाठवला: पश्चिमेचा जोराचा वारा असेल तेव्हा १२ मीटरची मर्यादा असलेल्या मुलीला तुम्ही पाण्यात कुठून उतरवता? तिघांकडून आलं, "हवामान बघून ठरवू." चौथ्याने बेटाचा हाताने काढलेला नकाशा पाठवला, त्यावर दोन बाण होते, आणि एका बाणाखाली लिहिलं होतं: भरतीच्या आधीचे दोन तास, पायऱ्यांवरून.