‘कर्करोगरोधक’ कोकम-ग्रीन टी : चव चांगली, पत्रक घातक

मुंबई-गोवा महामार्गावर कोकण मेव्याची जी दुकाने लागतात, त्यांत आता आमसूल, आगळ, फणसपोळी आणि कुळथाच्या पिठाच्या शेजारी हर्बल चहाचे डबेही मांडलेले दिसतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गृहउद्योगाचा असा एक डबा मी अशाच एका दुकानातून आणला आणि घरी नियमित वापरला. शंभर ग्रॅमच्या डब्याची किंमत २४० रुपये आहे. पेय म्हणून हा चहा चांगला आहे आणि मी तो पुन्हाही घेईन. मात्र डब्यात घडी करून घातलेले ‘कर्करोगावर संशोधनसिद्ध’ असे मथळ्याचे पत्रक वाचून कोणी तो घेत असेल, विशेषतः घरात कोणावर उपचार चालू असताना घेत असेल, तर त्याने त्या पत्रकाबद्दलचे पुढचे विवेचन अवश्य वाचावे.

आधी चहाविषयी. मिश्रणात ग्रीन टी, वाळवलेली गवती चहाची पात, मीठ न लावता सुकवलेली कोकमाची साल, सुंठ, हळद आणि मिरी आहे. कोकमाची साल ताजी आणि मऊ होती, त्यामुळे पाण्याला आधी सुरेख तांबूस रंग येतो, मग हळद सुटली की तो गढूळ होतो. आंबटपणा नेमका आहे, आणि गवती चहाचा वास सुंठीखाली दबून जात नाही, हे बनवणाऱ्याच्या हाताचे कौशल्यच म्हणावे लागेल. कृतीत मात्र ‘दहा मिनिटे उकळावे’ असे छापले आहे, ते पाळू नये, कारण ग्रीन टीची पाने उकळली की चहा कडवट आणि तुरट होतो. पाणी उकळून खाली उतरवावे, थोडे निवू द्यावे, मग त्यात चमचाभर मिश्रण तीनेक मिनिटे झाकून ठेवावे. चहाच्या पानांतली कॅटेचिन नावाची द्रव्ये आम्लात टिकतात आणि आम्लता कमी झाली की लवकर विघटित होतात, म्हणून कोकमाची जोड रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही योग्य आहे. पत्रकात नेमकी ही खरी गोष्ट कुठेच नाही.

पत्रकाची सुरुवात ईजीसीजी या कॅटेचिनपासून होते. ‘हे द्रव्य कर्करोगाच्या पेशी मारते’ या वाक्यात खोटे काही नाही, पण ते अर्धेच सत्य आहे. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर ईजीसीजीचा परिणाम दिसतो, हे अनेक प्रयोगशाळांनी दाखवले आहे. परंतु त्या प्रयोगांत साधारणपणे १० ते १०० मायक्रोमोलर इतकी तीव्रता वापरलेली असते, आणि माणूस काही कप ग्रीन टी प्यायला तरी त्याच्या रक्तात ती एक मायक्रोमोलरच्याही खालीच राहते, कारण आतडे फारच थोडे शोषून घेते आणि यकृत त्याचे रूप पालटून टाकते. शिवाय हे सारे संशोधन कॅमेलिया सायनेन्सिस या चहाच्या झुडपाच्या पानांवरचे आहे, आणि या डब्यात ती पाने किती ग्रॅम आहेत याचा उल्लेख लेबलवर नाही. डोळ्यांना दिसते त्यावरून निम्म्याहून अधिक भाग गवती चहा आणि कोकमाचा असावा, आणि त्या दोन्हींत ईजीसीजी नसते.

पत्रकात एका इटालियन अभ्यासाचाही दाखला आहे. तो अभ्यास खरोखरच झाला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत प्रोस्टेट ग्रंथीत कर्करोगपूर्व बदल आढळलेले ६० पुरुष होते. वर्षभर रोज ६०० मिलिग्रॅम कॅटेचिन घेतलेल्या ३० जणांपैकी एकाला कर्करोग झाला, आणि निष्क्रिय गोळी घेतलेल्या ३० जणांपैकी नऊ जणांना. आकडे आशादायक होते, म्हणूनच अमेरिकेत ९७ पुरुषांवर तशीच चाचणी घेतली गेली. त्यांना रोज ४०० मिलिग्रॅम ईजीसीजी वर्षभर दिले, आणि २०१५ साली आलेल्या निष्कर्षात दोन्ही गटांतल्या कर्करोगाच्या प्रमाणात ठोस फरक आढळला नाही. पत्रकाने पहिली चाचणी ठळक अक्षरांत छापली आणि दुसरी वगळली. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने ग्रीन टी आणि कर्करोग यांवरचे १४२ अभ्यास एकत्र तपासले, त्यांत ११ लाखांहून अधिक माणसे होती, आणि निष्कर्ष असा निघाला की पुरावा विसंगत आहे, त्यावरून प्रतिबंधाचा दावा करता येत नाही.

मोठ्या चाचण्यांचा एवढा आग्रह कशासाठी, असे कोणाला वाटेल. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना जीवनसत्त्वे देऊन पाहिली होती. गाजरातले बीटा-कॅरोटीन फुप्फुसाचा कर्करोग टाळेल अशी तेव्हा सर्वांची खात्री होती. प्रत्यक्षात ते घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला. हे १९९४ मध्ये कळले, आणि ते चाचणी घेतली म्हणूनच कळले.

हळदीबद्दल पत्रक फारच उत्साहाने बोलते. हळकुंडात कुरकुमिन वजनाच्या साधारण तीन टक्के असते, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पोटातून रक्तात फारसे जात नाही. रुग्णांवरच्या चाचण्यांत त्यामुळेच दिवसाला आठ-आठ ग्रॅम शुद्ध कुरकुमिन दिले गेले आहे. मिरीतल्या पायपेरिनमुळे कुरकुमिनचे शोषण कित्येक पटींनी वाढते, हे १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवले, त्यामुळे मिरी घालण्यामागचा विचार बरोबर आहे. पण चिमूटभर हळदीच्या काढ्याला तो लागू करण्याइतके कुरकुमिन कपात असतच नाही. कोकमाच्या सालीतल्या गार्सिनॉलचेही तसेच आहे. ते तेलात विरघळणारे द्रव्य आहे, आणि त्यावरचे काम मुख्यतः पेशी आणि उंदीर यांवर झालेले आहे.

आतापर्यंतची अतिशयोक्ती एक वेळ सोडून देता आली असती. पण शेवटच्या परिच्छेदात ‘केमोथेरपी चालू असतानाही निर्धोक, दिवसातून सहा कप घ्यावे’ असे लिहिले आहे, आणि हे वाक्य माझ्या दृष्टीने अक्षम्य आहे. बोर्टेझोमिब हे मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावरचे औषध बोरॉनयुक्त आहे. ईजीसीजी त्या बोरॉनशीच जोडले जाते आणि औषध निष्प्रभ होते, असे पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांतून २००९ साली दिसून आले. स्तनांच्या कर्करोगात घेतल्या जाणाऱ्या टॅमॉक्सिफेनबरोबर कुरकुमिन आणि पायपेरिन दिले असता त्या औषधाच्या सक्रिय रूपाचे रक्तातले प्रमाण घटते, हे नेदरलँड्समध्ये प्रत्यक्ष रुग्णांवर तपासलेले आहे. त्या रुग्णांना दिलेली मात्रा कपातल्या हळदीपेक्षा खूप मोठी होती हे खरे, पण ‘निर्धोक’ हा शब्द छापण्याचा अधिकार त्यामुळे मिळत नाही. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या घेऊन दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी पोटात गेले तर यकृताला इजा झाल्याच्या खुणा रक्तात दिसू शकतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली सांगितले. साध्या चहाने सहसा तेवढे प्रमाण गाठले जात नाही. पण अशा पत्रकांनी विश्वास बसलेला माणूस चहावरून गोळ्यांवर जातो. आमच्या शेजारच्या वहिनींनी सासऱ्यांसाठी हाच डबा आणला होता, त्यांना मायलोमा आहे. “काकू, झाडपाल्याचंच आहे, त्यानं काय होणार?” असे त्या म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना डबा घेऊन डॉक्टरांकडे जायला सांगितले, आणि डॉक्टरांनी तो बंद केला.

झाडपाल्याचेच आहे, हा युक्तिवाद पत्रकातही आहे. त्यासाठी सदाफुलीचे उदाहरण दिले आहे. सदाफुलीपासून व्हिनक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधे मिळतात, आणि आपल्या सह्याद्रीत ज्याची चोरटी तोड होते त्या नरक्या या झाडाच्या लाकडातल्या कॅम्प्टोथेसिनपासून इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही तशीच औषधे तयार होतात. या अभिमानाच्या गोष्टी आहेत. परंतु एक ग्रॅम व्हिनब्लास्टिन काढायला सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात, आणि व्हिनक्रिस्टीनची मात्रा शरीराच्या क्षेत्रफळावरून मिलिग्रॅममध्ये ठरवून ते थेट शिरेत दिले जाते, कारण थोडे अधिक झाले तरी मज्जातंतूंना इजा होते. वनस्पतीतून औषध मिळते ते इतक्या मोजमापातून. अंगणातली पाने चघळणे हा त्याला पर्याय नाही.

ज्या दुकानातून मी हा डबा घेतला तिथे त्याच फळीवर सुगंधी सुपारीच्या पुड्या होत्या, आणि खाली मिशरीचे डबे. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीवर आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांचे पोट आहे, हे मला ठाऊक आहे, तरीही लिहिणे भाग आहे की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूप्रमाणेच नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. त्याच संस्थेने २०१६ साली ६५ अंश सेल्सिअसहून गरम पेये ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवली. इराणच्या गोलेस्तान प्रांतात ५०,०४५ लोकांचा पाठपुरावा केला तेव्हा ६० अंशांहून गरम चहा दिवसाला ७०० मिलिलिटरपेक्षा जास्त पिणाऱ्यांमध्ये, कमी गरम आणि कमी चहा पिणाऱ्यांच्या मानाने, अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी अधिक आढळला. म्हणजे चहा आणि कर्करोग यांच्या संबंधात ज्याला चांगला आधार आहे अशी सूचना ‘निववून प्यावा’ ही आहे, आणि पत्रकाने नेमकी ‘कढत घ्यावा’ अशी शिफारस केली आहे.

कर्करोग बरा करण्याच्या किंवा टाळण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने बंदी आहे, आणि खाद्यपदार्थांवर रोगप्रतिबंधाचे दावे छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे नियमही मनाई करतात. हे मी गृहउद्योगाच्या चालकांना फोनवर सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. पत्रकाचा मजकूर त्यांना घाऊक ग्रीन टी पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने दिला होता, असे त्या म्हणाल्या, आणि उरलेली पत्रके डब्यांतून काढून टाकण्याचे त्यांनी मान्य केले. नव्या लेबलवर ग्रीन टीचे वजन छापावे, ‘दहा मिनिटे उकळावे’ ही ओळ बदलावी, आणि औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे असे स्पष्ट लिहावे, एवढे मी सुचवले आहे. डबा घ्यायचाच असेल तर त्यावरची पॅकिंगची तारीख पाहून घ्यावा. पावसाळ्यात कोकमाची साल दमट होते, म्हणून उघडल्यावर मिश्रण घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत काढून ठेवावे.