संदिग्ध दुव्याचा इशारा: आठ महिने वापरल्यावर

जॉर्जिया नावाचा एक देश आहे आणि त्याच नावाचं अमेरिकेत एक राज्यही आहे. इंग्रजी विकिपीडियावर नुसतं ‘जॉर्जिया’ लिहून दुवा दिला, तर वाचक दोन्हींपैकी कुठेच पोहोचत नाही. तो निःसंदिग्धीकरण पानावर, म्हणजे एकाच नावाच्या वेगवेगळ्या अर्थांची यादी असलेल्या पानावर, जाऊन पडतो आणि पुढची वाट त्यालाच शोधावी लागते. एका वनस्पतीवरच्या लेखात मी नेमकं हेच करून ठेवलं होतं. दुवा संदिग्ध असल्याचा सांगकाम्याचा (आपोआप काम करणाऱ्या बॉटचा) निरोप माझ्या चर्चापानावर आला, तोवर ज्या पुस्तकातून माहिती घेतली होती ते ग्रंथालयात परत गेलं होतं. कुठला जॉर्जिया, काही केल्या आठवेना. अंदाजाने काहीतरी ठोकून देणं पटेना, म्हणून त्या एका ओळीसाठी पुस्तक पुन्हा आणलं.

असा दुवा लिहितानाच मिळणारा इशारा मी तेव्हा पसंतीक्रमात (म्हणजे माझ्या सेटिंग्जमध्ये) बंद करून ठेवला होता. त्याच दिवशी तो सुरू केला आणि आता आठ महिने झाले. बंद ठेवण्यात माझी चूकच होती.

काम अगदी साधं आहे. विकिमजकुरात, म्हणजे हाताने खुणा टंकून लिहायच्या मजकुरात, दुव्याचे शेवटचे चौकोनी कंस पुरे केले की कोपऱ्यात सूचना येते: हे निःसंदिग्धीकरण पान आहे, दुवा तपासा. त्या क्षणी पुस्तक समोर उघडं असतं, बोट त्याच ओळीवर असतं. मी नावापुढे गोल कंसात ‘देश’ घालतो, पुढे उभी रेघ देतो आणि चौकोनी कंस पुन्हा बंद करतो. जतन करताना विकी स्वतःच वाचकाला दिसणारा शब्द नुसता ‘जॉर्जिया’ ठेवतं. सगळं मिळून पाच सेकंदही लागत नाहीत. हेच महिन्याभराने दुसऱ्या कुणी करायचं म्हटलं, तर त्याला आधी संदर्भ शोधावा लागतो, कारण मला काय म्हणायचं होतं हे फक्त मलाच ठाऊक असतं. सांगकाम्या चूक दाखवू शकतो, पण अर्थ सांगू शकत नाही.

ही सोय 2021 च्या कम्युनिटी विशलिस्टमधल्या, म्हणजे संपादकांनी हव्या असलेल्या सोयी सुचवायच्या यादीतल्या, मागणीतून आली. यथादृश्य संपादकात (जिथे पान दिसतं तसंच संपादता येतं) दुवा शोधतानाच अशी पानं वेगळी दाखवली जातात, त्यामुळे खरी गरज आमच्यासारख्या कंस टंकणाऱ्यांना होती.

इशारा जतन करण्याच्या आड येत नाही, हे मला फार आवडलं. दुर्लक्ष करून पुढे गेलात तर बदलाला तशी खूणपताका (टॅग) लागते, म्हणजे अलीकडील बदल पाहणाऱ्याच्या नजरेतून तो सुटत नाही. कधीकधी तिथला दुवा मुद्दामच द्यायचा असतो, लेखाच्या माथ्यावरच्या टिपेत वगैरे. तेव्हा शीर्षकाच्या शेवटी कंसात ‘निःसंदिग्धीकरण’ असलेल्या पुनर्निर्देशनावरून (वाचकाला त्याच पानावर नेणाऱ्या पर्यायी शीर्षकावरून) जावं, म्हणजे नंतर येणाऱ्याला ती चूक वाटत नाही.

आता जिथे तो कमी पडतो ते. पान संदिग्ध आहे हे विकीला त्यातल्या एका जादुई शब्दावरून (विकीला समजणाऱ्या खास संकेतशब्दावरून) कळतं आणि तो शब्द बहुधा साच्यातून, म्हणजे पानात घालायच्या तयार मजकुरातून, येतो. कुणी अर्थांची यादी करून साचा लावायला विसरलं, की इशारा गप्प. असं पान दिसलं की मी आधी साचा लावतो, मग माझं काम.

याहून मोठी अडचण जावासारख्या नावांची. इंग्रजी विकिपीडियावर नुसतं ‘जावा’ म्हणजे इंडोनेशियातलं बेट, तिथे निःसंदिग्धीकरण पान नाहीच. प्रोग्रामिंग भाषेवर लिहिताना दुवा थेट बेटावर जातो, पान अस्तित्वात असल्याने निळा दिसतो, तक्रार कुणीच करत नाही. इशारा येत नाही म्हणजे दुवा बरोबर, अशी मनाला सवय लागू लागली होती, ती मी जाणूनबुजून मोडली. आता झलक पाहताना प्रत्येक नवा दुवा नव्या टॅबमध्ये उघडतो, पहिलं वाक्य वाचतो आणि मगच जतन करतो.